कचेरीतला पाऊण तास

मार्चअखेरीची वसुली जवळ येऊ लागली की परंड्यातील माझ्या दवाखान्यात मान आखडलेले, निद्रेस पारखे झालेले, छातीत धडधडते म्हणून धास्तावलेले कारकून, तलाठी आणि रोखपाल एकामागून एक येऊ लागतात. हृदयाचा आलेख काढावा तर तो बहुधा निर्दोष निघतो, रक्तदाब मात्र थोडा चढलेला असतो, आणि विचारपूस करता कळते की दिवसभर या गृहस्थांचे मन दुसऱ्यांच्या फेरफारांत आणि वरिष्ठांनी घातलेल्या मुदतीत अडकून पडलेले आहे. अशांना मी औषधाबरोबर हल्ली आणखी एक गोष्ट सुचवतो: आठवड्यातून एकदा कचेरीतच, आणि कचेरीच्याच वेळेत, पाऊण तास सर्वांनी मिळून चित्रे काढावीत.

“डॉक्टरसाहेब, शाळा सुटल्यापासून हातात ब्रश धरलेला नाही,” असे उत्तर हटकून येते. त्यांच्यासाठी सांगतो की अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी ३९ प्रौढांना पाऊण तास रंग, माती आणि चिकटचित्रे यांत रमू दिले व आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल मोजले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून स्रवणारे हे ताणाचे द्रव्य सुमारे तीन चतुर्थांश लोकांत उतरले, आणि पूर्वी कलेचा सराव असण्या-नसण्याने त्यात भेद पडला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग लहान होता, तुलनेस दुसरा गट नव्हता. म्हणून यास मी उपचार म्हणत नाही, विसावा म्हणतो.

साहित्य अल्प पुरे. पाठकोरे कागद, मेणाचे जाड खडू, थोडी शाडूची माती. अंगठा किंवा मनगट दुखणाऱ्याने बारीक पेन्सिल टाळावी. दमेकऱ्याने कोरड्या रांगोळीपासून दूर राहावे, कारण ती दगडाची पूड असून तिची धूळ श्वासनलिकेस जाचते. कोऱ्या कागदाचे भय वाटत असेल तर सात ते चार ठिपके मांडावेत आणि जोडत जावे. ठिपक्यांनी हात धरला की बुजलेले बोट आपोआप चालू लागते. चित्राचेच वावडे असेल त्याने अक्षर घोटावे. आपल्याच तालुक्यात, सीनेकाठच्या डोमगाव मठात, कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची पोथी जतन केलेली आहे. ज्यांचे आयुष्य दप्तर लिहिण्यात गेले त्यांना बोरूच्या वळणाचा हा वारसा परका वाटू नये. रेघ ओढताना श्वास सावकाश सोडावा, इतकेच शिकवणे पुरेसे.

एका कचेरीत आरंभी माझ्याच हातून चूक घडली. उत्साहाच्या भरात मी उत्तम चित्रास बक्षीस जाहीर केले. पुढच्या आठवड्यात निम्मी मंडळी कामाची सबब सांगून आलीच नाहीत, आणि जी आली त्यांतल्या एका अव्वल कारकुनाची पेन्सिल इतकी जोराने दाबली जात होती की खालच्या दोन कागदांवर तिचे वळ उमटले होते. परीक्षा आली की ताणही आला, हे मला वैद्य असून सुचले नव्हते. तेव्हापासून स्पर्धा नाही, प्रदर्शन नाही, कुणाच्या कागदात डोकावणे नाही. साहेबांनी यावे, पण पाहणीस नव्हे, मांडी घालून सर्वांच्या पंगतीत खडू हाती घेण्यास. मोबाइल खणात राहावा. ज्यास गप्प बसावेसे वाटते त्यास गप्प बसू द्यावे, आणि ज्यास यावेसे वाटत नाही त्याची हजेरी घेऊ नये. हा पाऊण तास जेवणाच्या सुट्टीतून कापून घेणे मला सर्वथा अमान्य आहे. भुकेल्या देहास विसावा मिळत नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या मात्र चित्रे काढू लागलात म्हणून बंद करू नका. छातीत दाटून येऊन वेदना हाताकडे वा जबड्याकडे जात असेल तर तत्क्षणी रुग्णालय गाठा. आणि झोप व उमेद दोन आठवडे परतली नाही, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर दवाखान्यात या. रात्री-अपरात्री १४४१६ या शासकीय मानसिक आरोग्य क्रमांकावर विनामूल्य, मराठीतही बोलता येते.