बातमी नाही, तर पंप बंद
(विज्ञान लेख, इयत्ता ७ वी)



गेल्या वर्षीचे हजेरीपत्रक उघडले, तर माझ्या नावापुढे १७ दिवस गैरहजेरी दिसते. त्यातले ५ दिवस तापाचे. मग उरलेले १२ दिवस मी कुठे होते? आमच्या वाडीच्या पाण्याच्या टाकीवर लाल फडके घेऊन बसले होते! या वर्षी ते फडके आजीने पायपुसणे करून टाकले आहे. हे कसे घडले आणि त्यामागे कोणते विज्ञान आहे, ते मी आज सांगणार आहे.

फडक्याची पाळी

आमची वाडी १४ घरांची. विजेचे खांब ओढ्यापर्यंत पोचलेले नाहीत. म्हणून ओढ्याकाठच्या विहिरीवर सौर पंप बसवला आहे. प्लेटांवर ऊन पडले की वीज तयार होते, कंट्रोलरच्या पेटीतून ती मोटरला मिळते आणि पाणी वर चढते. रात्री पंप चालत नाही. पण दिवसा विजेची वाट बघावी लागत नाही, हा फायदा मोठा आहे.

विहीर खाली ओढ्यात आणि टाकी वर माळावर. मी हे अंतर पावलांनी मोजले. १,६०० पावले भरली. माझे पाऊल अर्ध्या मीटरचे, म्हणजे अंतर झाले ८०० मीटर. आता अडचण बघा. टाकी भरली की नाही, हे वरच्याला कळते. पंपाचे बटण मात्र खाली आहे.

म्हणून घरटी एक दिवस पाळी लावली होती. आमच्या पाळीच्या दिवशी आई-अण्णा कामावर जात. मग आजी खाली पंपाजवळ बसायची आणि मी वर टाकीवर. टाकी भरली की मी फडके हलवायचे आणि आजीने बटण दाबायचे. आषाढात धुके पडले की आजीला फडके दिसायचे नाही. मग मी धावत खाली जायची. दगडधोंड्यांची वाट आणि वरून पाऊस. पोचेपर्यंत १५ मिनिटे जायची.

तोवर किती पाणी वाया जाई, ते मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "मोजून बघ, मग सांग." मी २०० लिटरचे पिंप टाकीच्या पाइपाखाली ठेवले. भर दुपारी ते २ मिनिटांत भरले. म्हणजे मिनिटाला १०० लिटर. १५ मिनिटांत १,५०० लिटर. एका हंड्यात १५ लिटर पाणी मावते, असे धरले तर १०० हंडे! उन्हाळ्यात माझी आई एका हंड्यासाठी किती चालते, ते तिलाच विचारा.

मोबाईल का नाही?

पुष्कळ शेतकरी मोटरला मोबाईल स्टार्टर बसवतात. त्यात सिम कार्ड असते. घरून फोन लावला की मोटर चालू होते. सोय चांगली आहे. पण आमच्या ओढ्याच्या खोलगटात रेंजच येत नाही. तिथे फोन नुसता घड्याळ बघायला उपयोगी पडतो. ८०० मीटर तार टाकावी, तर नांगरात तुटणार, उंदीर कुरतडणार आणि पावसाळ्यात वीज पडली तर तिच्यातून झटका येणार.

माझा चुलतभाऊ दादा आय.टी.आय.मध्ये शिकतो. तो म्हणाला, "आपण आपलीच बिनतारी करू."

तारेवाचून काम करवून घेणे ही गोष्ट काही कालची नाही. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडची घंटा तारेवाचून वाजवून दाखवली आणि दूर ठेवलेली बंदुकीची दारू उडवली. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्ला यांनी लहानशी बोट दुरून चालवून दाखवली. तेव्हा घंटा वाजली, बोट चालली, तर आमचा पंप का थांबू नये?

आरोळीचे विज्ञान

दादाने दोन लहान पेट्या तयार केल्या. एक टाकीवर बसवली, दुसरी पंपाजवळ. त्या एकमेकींशी रेडिओ लहरींनी बोलतात. या पद्धतीला 'लोरा' म्हणतात. लांब पल्ला या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून हे नाव पडले आहे. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरवून दिलेल्या शक्तीच्या आत विनापरवाना वापरता येतो. आमच्या पेट्या त्यातच बोलतात.

८६६ मेगाहर्ट्झ म्हणजे एका सेकंदात ८६ कोटी ६० लाख हेलकावे. लहर एका सेकंदात ३० कोटी मीटर जाते. भागाकार केला, की एका लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर येते. तिच्या चौथ्या भागाएवढी तार अँटेना म्हणून चालते. मी पेटीवरची तार कंपासपेटीतल्या पट्टीने मोजली. साडेआठ सेंटिमीटर भरली! पुस्तकातला भागाकार माळावर खरा झालेला पाहून मला फार गंमत वाटली.

एवढीशी पेटी इतक्या लांब कशी ऐकू जाते? आपण डोंगरावरून आरोळी देतो तेव्हा काय करतो? भरभर बोलत नाही. "येऽऽऽ गंऽऽऽ" असे लांबवून बोलतो. शब्द थोडे असतात, पण पोचतात. लोराही तेच करते. ती फार सावकाश बोलते. शिवाय कोकिळेचा सूर जसा खालून वर चढत जातो, तशी तिची लहर खालून वर सरकत जाते. त्यामुळे गोंगाटातूनही ती ओळखता येते. चित्रे किंवा गाणी अशा रीतीने पाठवता येणार नाहीत. पण 'पाणी हवे' आणि 'पुरे' एवढे दोन शब्द पाठवायला ती फार चांगली.

लहरीला ८०० मीटर जायला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे तीन भागसुद्धा लागत नाहीत. पूर्ण निरोप सांगून व्हायला मात्र सेकंदाच्या आसपास वेळ लागतो.

पेट्या काय करतात?

टाकीत एक तरंगता फ्लोट आहे. पाणी वर आले की तो वर येतो आणि वरच्या पेटीला टाकी भरल्याचे कळते. त्या पेटीला वहीएवढी सौर प्लेट आणि आत एक सेल आहे. निरोप देऊन झाला की ती झोपते, त्यामुळे सेल पुरतो.

खालच्या पेटीत रिले आहे. रिले म्हणजे विजेने उघडणारे-मिटणारे बटण. पंपाच्या कंट्रोलरला फ्लोटची तार जोडण्यासाठी दोन लहान टोके दिलेली असतात. रिले तिथे जोडला आहे. प्लेटांची जाड तार मुळीच तोडलेली नाही. प्लेटांकडून येणारी वीज डी.सी. असते. तिची ठिणगी लवकर विझत नाही आणि साधे बटण त्याने जळून जाते.

पहिल्या दिवशी पेट्या मुक्याच राहिल्या! खालची पेटी पंपाच्या लोखंडी कपाटात ठेवली होती. लोखंडातून लहर आत जाईना. मग अँटेना बाहेर काढून बांबूवर उंच बांधली, आणि निरोप आला. आंब्याच्या दाट ओल्या पानांनीही लहर दुबळी होते. म्हणून बांबू झाडापासून दूर रोवला. त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. जिथून माझे फडके आजीला दिसत होते, तिथूनच लहरसुद्धा चांगली जात होती.

वानराने शिकवलेला धडा

आता खरी गोष्ट ऐका. सुरुवातीला टाकी रिकामी झाली की वरची पेटी एकदा 'पाणी हवे' म्हणायची आणि भरली की एकदा 'पुरे' म्हणायची. महिनाभर छान चालले. पाळ्या बंद झाल्या. मी शाळेत येऊ लागले.

मग एका दुपारी माळावर वानरांची टोळी आली. एकाने अँटेना ओढून मोडली. टाकी भरली. वरची पेटी 'पुरे' म्हणाली, पण खालच्या पेटीला ऐकूच गेले नाही. पंप चालूच! पाळी नाही म्हणून टाकीवर कोणी नाही. दोन तास पाणी वाहिले. म्हणजे १२,००० लिटर, ८०० हंडे. टाकीखालच्या काकूंच्या शेतातले कांद्याचे रोप वाहून गेले. विहीर तळाला लागली.

संध्याकाळी काकू आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पोरीचं फडकंच बरं होतं." अण्णांनी निम्म्या बियाण्याचे पैसे द्यायचे कबूल केले. वाडीतले लोक म्हणाले, पेट्या काढा, पाळ्या लावा. दादा मान खाली घालून बसला होता. मला रडू आले. पाळ्या लागल्या की माझी शाळा पुन्हा बुडणार होती.

तेव्हा आजी भाकरी थापता थापता म्हणाली, "अंगणात पोरं दंगा करत्यात तवर आई निवांत असती. पोरं गप झाली की आई उठून बघती. तुमची पेटी गप झाली, तर खालची उठली का नाही?"

दुसऱ्या दिवशी मी हे गुरुजींना सांगितले. गुरुजी खूश झाले. म्हणाले, "मुंबईच्या लोकलचा मोटरमन गाडी चालवताना मुठीचा दांडा दाबून धरतो. त्याला चक्कर आली आणि हात सुटला, तर ब्रेक आपोआप लागतो. आजींनी तेच सांगितले आहे."

नवा नियम

दादाने पेट्यांचा नियम उलटा केला. आता टाकीत जागा असेपर्यंत वरची पेटी दर २ मिनिटांनी 'पाणी हवे' म्हणते. खालची पेटी ते ऐकत असेल तोवरच पंप चालतो. टाकी भरली की 'पुरे' हा निरोप येतो आणि पंप थांबतो. पण अँटेना मोडो, सेल संपो, वानर येवो, ६ मिनिटे काहीच ऐकू आले नाही तर खालची पेटी पंप बंद करते. एखादी हाक हवेत हरवू शकते, म्हणून तीन हाकांची वाट बघायची. प्रत्येक निरोपात आमच्या पेटीचा खुणेचा अंक असतो. त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या पेटीचे ऐकून आमचा पंप चालत नाही.

पूर्वी बातमी आली नाही तर पंप चालू राहत होता. आता बातमी आली नाही तर पंप बंद राहतो. तारा त्याच, पेट्या त्याच. बदलला तो फक्त गप्प बसण्याचा अर्थ.

मग त्या ६ मिनिटांत पाणी सांडणार नाही का? हे गणित मी सोडवले. टाकी अडीच मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर उंच आहे. म्हणजे १० घनमीटर, १०,००० लिटर. फ्लोट काठापासून २० सेंटिमीटर खाली बांधला.
२.५ × २ × ०.२ = १ घनमीटर, म्हणजे १,००० लिटर जागा मोकळी राहते.
६ मिनिटांत येणार ६०० लिटर. म्हणजे थेंबही सांडणार नाही.

विहिरीतही एक फ्लोट सोडला आहे. पाणी तळाला गेले की कोरडी मोटर फिरून जळू नये म्हणून.

मग सगळ्या वाडीला बोलावून परीक्षा घेतली. पंप चालू असताना मी वरची पेटी बंद केली. खाली सगळे घड्याळ बघत उभे. सहा मिनिटे झाली आणि पंप थांबला! काकू म्हणाल्या, "आता बरं झालं." त्यांनी पुन्हा त्याच वाफ्यात रोप टाकले.

या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझी गैरहजेरी २ दिवस आहे, आणि दोन्ही दिवस तापाचे. पालकहो, एक विनंती करते. कोणाची मुले पाणी, गुरे किंवा पाखरे राखण्यासाठी घरी राहत असतील, तर गुरुजींशी बोला. टाकी राखायला पेटी बसवता येते. पण आमच्या जागी वर्गात पेटी बसवून चालत नाही.

करून पाहा : मैदानाच्या दोन टोकांना दोघे उभे राहा. पहिल्या खेळात एक जण 'थांब' म्हणेपर्यंत दुसऱ्याने चालायचे. दुसऱ्या खेळात 'चल, चल' ऐकू येईल तोवरच चालायचे. मध्ये तिसऱ्याने मोठ्याने थाळी वाजवावी. कोणत्या खेळात चालणारा खड्ड्यात जाईल, ते बघा.

सावधान : पंप बंद असला तरी उन्हात प्लेटांच्या तारांत शेकडो व्होल्ट दाब असू शकतो. मुलांनी कंट्रोलर उघडू नये, जोडकाम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

प्रश्न : १. वरच्या पेटीने दर ५ मिनिटांनी हाक मारली आणि तीन हाकांची वाट बघितली, तर जास्तीत जास्त किती लिटर पाणी येईल? २. मग फ्लोट काठापासून किती सेंटिमीटर खाली बांधावा लागेल?

उत्तरे वहीत लिहून गुरुजींना दाखवा.