भामरागडसाठी सायकल : टायर बघा, किंमत मग

बदली होऊन भामरागडला आलेले शिक्षक, परिचारिका, बँकेतली मंडळी रोजच्या ये-जा करण्यासाठी सायकलचा विचार करतात, तेव्हा मोबाइलवर डोळ्यांत भरते ती वाकड्या हँडलची, सडपातळ टायरची रोड बाइक. बरी म्हणावी अशी 25 ते 40 हजारांत येते. दिसते देखणी, पण इथे घेऊ नका. तिचा टायर जेमतेम 25 ते 28 मिलिमीटर रुंद. हवा टणक भरली तर मुरमावर मनगटं बधिर होतात. कमी भरली तर खड्ड्यात ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. त्यात अशा ट्यूबचा बारीक पितळी व्हॉल्व साध्या पंपाला बसत नाही.

सायकलचा आराम टायरमधल्या हवेत असतो. जाड टायरमध्ये हवा जास्त मावते, म्हणून कमी दाबावरही ती खड्डा पचवते. 26 इंची, 1.95 इंच रुंदीच्या टायरला साधारण साठ किलोच्या माणसासाठी 35 ते 40 पीएसआय पुरे. मीटर नसेल तर अंगठ्याने जोर लावून दाबा, टायर किंचित दबला पाहिजे. दुकानदार पुढच्या शॉकरचं कौतुक करील. स्वस्त सायकलचा शॉकर म्हणजे नुसती स्प्रिंग. वजन वाढवते, पावसाळ्यात गंजते, आणि बिघडली की दुरुस्त कोणी करत नाही. सरळ, कडक फोर्क मागा.

आता पैशाचं. दर ढोबळ आहेत, दुकानागणिक हजार-पाचशेचा फरक पडेल. काळी, दांडीच्या ब्रेकची 28 इंची सायकल 5 ते 7 हजारांत. ओझं वाहायला, सरळ बसायला हिला तोड नाही, पण ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक लागायला वेळ घेतो. जाड टायरची, बिनगिअरची 26 इंची 6 ते 9 हजार. गिअरची हायब्रिड 12 ते 20 हजार. गावातल्या गावात आणि हेमलकशापर्यंतच जायचं असेल, तर माझं मत बिनगिअरच्या जाड टायरला. गिअर बदलणारा डिरेलर चिखलाने भरला की चेन उड्या मारते, आणि तो सरळ करणारा मिस्त्री जवळपास असेलच असं नाही. त्यासाठी आलापल्ली गाठायची तर ती 65 किलोमीटरवर आहे. रोज ताडगावसारखा लांबचा पल्ला असेल तरच गिअरचा खर्च करा, तोही 35 मिलिमीटरहून बारीक टायर न घेता. साडी नेसून चालवायची असेल तर लेडीज फ्रेमच बरी.

किमतीच्या पाटीवर न लिहिलेला खर्च वेगळा. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, कुलूप, हातपंप आणि पंक्चरचं सामान मिळून दीड-दोन हजार. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा हवी. नाहीतर ओली माती तिथे घट्ट बसून चाक जाम होतं. ट्यूब मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्वची घ्या, म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. जोडणीचे तीन-पाचशे धरा.

22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, तेव्हा पक्कं बिल मागून कर बघा. बिलाचं आणखी एक काम. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी 5 हजार रुपये मिळतात. काही रक्कम आधी, उरलेली खरेदीची पावती दाखवल्यावर. घरात शाळकरी मुलगी असेल तर आधी मुख्याध्यापकांना विचारा, मग दुकानात जा.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की वर्षानुवर्षं भामरागडची वाट तुटत आली आहे, म्हणून एक जादा ट्यूब (दीडशे-दोनशे) आणि ब्रेकचे गुटके जूनआधीच आणून ठेवा. वाहत्या पाण्यात सायकल घालूच नका. साचलेल्या पाण्यातही चाकाचा हब बुडला तर छऱ्यांमधलं ग्रीस धुऊन जातं, आणि हब खोलून नवं ग्रीस भरावं लागतं. नव्या सायकलच्या तारा पहिल्या महिन्यात ढिल्या पडतात. त्या शंभर-दीडशेत तेव्हाच आवळून घ्या. रिम एकदा आऊट झाली, की पाच-सहाशेचा भुर्दंड पडतो.