एका तारेचा निरोप

चैत्र सरत आला होता. विदर्भातील एका खेड्यातील शाळेच्या संगणक-कक्षाला वाळ्याचे पडदे लावलेले होते. तथापि भिंतीवरील तापमापकाचा पारा ४१ अंशांवर जाऊन ठेपला होता. आठवीतील मुलांनी वर्षभर गावातील विहिरींच्या पाण्याची पातळी मोजली होती. ती सर्व मोजमापे संगणकात उतरवून दुसऱ्या दिवशी ग्रामसभेपुढे मांडावयाची होती. वैशाखात कोणत्या विहिरी आटतील व कोणत्या तग धरतील, याचा अंदाज गावाला त्यांवरूनच यावयाचा होता.

काम अर्ध्यावर आले असता संगणकाचा पडदा एकाएकी काळा झाला. मुलांनी तो पुन्हा सुरू केला. थोडा वेळ चालून तो पुन्हा बंद पडला. प्रत्येक वेळी शेवटच्या काही नोंदी नाहीशा होत.

“गुरुजी, संगणक तापला असेल का?” एका मुलीने विचारले.

“तसे कसे होईल?” शेजारचा मुलगा म्हणाला. मागील आठवड्यात संगणकाच्या पेटीत पुढच्या बाजूस एक नवा पंखा त्यानेच बसविला होता. “पुढचे दोन्ही पंखे मिनिटाला १,१०० फेरे घेत आहेत. पडद्यावर तसा आकडाच दिसतो.”

“पंखे दोन आणि आकडा एक,” गुरुजी म्हणाले. “मग हा आकडा कोणाचा?”

मुलगा निरुत्तर झाला. त्या मुलीने वहीच्या कागदाची एक बारीक पट्टी फाडली आणि संगणक सुरू होताच ती वरच्या पंख्याच्या जाळीपुढे धरली. पट्टी आत ओढली जाऊन जाळीला चिकटली. खालच्या पंख्यापुढे धरताच मात्र ती निश्चल लोंबकळत राहिली. खालचा पंखा फिरतच नव्हता!

गुरुजींनी संगणक रीतसर बंद केला, विजेची तार भिंतीतील खोबणीतून काढून घेतली आणि मगच पेटीचे झाकण उघडले. तारांच्या जुडग्यातून सुटलेली एक तार खालच्या पंख्याच्या पात्यांत अडकून बसली होती.

“पंख्याला चार तारा आहेत, त्या पाहा,” गुरुजी सांगू लागले. “पहिल्या दोन तारांतून १२ व्होल्ट दाबाची वीज येते व परत जाते. तिसरी तार निरोप्याचे काम करते. पंख्याचा एक फेरा पूर्ण झाला की तिच्यातून दोन स्पंदने मदरबोर्डाकडे जातात. ती मोजून वेगाचा आकडा मिळतो. चौथी तार आज्ञेची. मदरबोर्ड तिच्यातून सेकंदाला सुमारे २५,००० वेळा संकेत पाठवितो. त्या प्रत्येक स्पंदनात संकेत किती काळ चालू राहतो, त्या प्रमाणात पंख्याचा वेग कमीअधिक होतो. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपलीकडील आवाज ऐकू येत नाही. म्हणून या संकेताची गुणगुण आपल्याला त्रास देत नाही.”

“पण मी दोन्ही पंखे एकाच खोबणीला जोडले होते, गुरुजी,” मुलगा म्हणाला.

“त्यात चूक नाही. प्रत्येक पंख्यास ०.२ अँपिअर प्रवाह लागतो आणि या खोबणीची मर्यादा १ अँपिअर आहे. दोहोंचे मिळून ०.४ होतात. जोडण्यापूर्वी ही बेरीज करावी, म्हणजे मदरबोर्डावर भार पडत नाही. आता तू वापरलेली दोन फाट्यांची तार नीट पाहा.”

मुलाने तार हाती घेतली. एका फाट्याला चार तारा होत्या, दुसऱ्याला तीनच. दुसऱ्यात निरोपाची तार नव्हती.

“दोन्ही पंख्यांची स्पंदने एकाच तारेत मिसळली, तर आकडा निरर्थक होईल, म्हणून आज्ञा दोघांना दिली जाते, पण निरोप एकाचाच घेतला जातो. गावातील एक विहीर मोजून साऱ्या विहिरींची ग्वाही देता येईल का?”

मुलीने मान हालविली. तिने प्रत्येक विहिरीवर स्वतः जाऊन दोर सोडला होता.

मुलाने अडकलेली तार सोडवून जुडगा घट्ट बांधला. नंतर क्षणभर विचार करून त्याने दोन्ही फाट्यांची अदलाबदल केली. वरचा पंखा जाळीतून सहज दिसे; खालचा तारांआड दडलेला असे. म्हणून निरोपाची तार त्याने न दिसणाऱ्या पंख्यास दिली. गुरुजींनी समाधानाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

एक काम अद्याप उरले होते. गरम हवा बाहेर टाकणारा मागचा पंखा तीन तारांचा होता. त्याचा वेग विजेचा दाब कमीअधिक करून बदलत असे. हिवाळ्यात आवाज नको म्हणून कोणीतरी त्याचा वेग कायमचा मंद करून ठेवला होता. पंखा थंडावा निर्माण करीत नाही, तो केवळ उष्णता वाहून नेतो. आणि खोलीतील हवाच तापलेली असली, तर ती अधिक वेगाने वाहावी लागते. अन्यथा प्रोसेसर प्रथम आपले काम मंदावतो आणि तेवढ्याने भागले नाही, तर जळून जाऊ नये म्हणून संगणक बंद पाडतो. गुरुजींनी मागच्या पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानाबरोबर वाढेल अशी योजना केली.

दिवेलागणीपर्यंत सर्व विहिरींची नोंद पूर्ण झाली. संगणक पुन्हा एकदाही बंद पडला नाही. घरी निघताना मुलाने पडद्यावरील आकडा पाहिला. तो ठीक होता. तरीही त्याने कागदाची पट्टी उचलली आणि एकेका पंख्यापुढे धरून पाहिली.

स्वाध्याय

१. पंख्याच्या तिसऱ्या व चौथ्या तारेचे कार्य आपल्या शब्दांत सांगा.
२. मुलाने दोन्ही फाट्यांची अदलाबदल का केली?
३. ‘आज्ञा दोघांना दिली जाते, पण निरोप एकाचाच घेतला जातो.’ असा अनुभव व्यवहारात कोठे येतो, ते पाच ओळींत लिहा.