मैदानातील टेकडी

क्रिकेटचे मैदान वाटोळे असते. बेसबॉलचे मैदान उघडलेल्या पंख्यासारखे. पंख्याच्या मुठीशी फलंदाज उभा राहतो आणि तेथून दोन पांढऱ्या रेषा काटकोन करून दूरच्या कुंपणापर्यंत जातात. मुठीजवळच 90 फूट बाजूचा एक चौरस आखलेला असतो. त्याचे चारही कोपरे ओळीने शिवून खेळाडू मूळ जागी परतला की एक धाव झाली. चेंडू फेकणारा फलंदाजापासून 60 फूट 6 इंचांवर, 10 इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो. अमेरिकेतील कोणत्याही महाविद्यालयात गेलो तरी ही मापे हीच.

परंतु कुंपण किती अंतरावर असावे, ते सरळ असावे की वाकडे, उंच की ठेंगणे, याविषयी नियम पुष्कळ सैल आहेत. चौरस नियमाचा, त्यापलीकडची जमीन गावाची, असा हा प्रकार आहे. आपल्या मुलांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात जो डाव मांडला जातो, त्यात बांधापलीकडे चार धावा आणि माडाला चेंडू लागला तर दोन, असा कायदा त्या त्या शेतापुरता ठरतोच.

टेक्सास विद्यापीठाचे ऑस्टिन शहरातील क्लार्क फील्ड हे मैदान या गोष्टीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणावे लागेल. 1928 पासून 1974 पर्यंत विद्यापीठाचा संघ तेथे खेळला. या मैदानाच्या मधोमध, फलंदाजाच्या समोर दूरवर, चुनखडकाचा एक कडा होता. तो कुंपणाबाहेर नव्हता, खेळाच्या आतच होता! काही ठिकाणी तो दोन पुरुष उंच होता. वर सपाटी, आणि वर चढण्यास शेळ्यांनी पाडल्यासारखी एक अरुंद वाट. लोक त्यास ‘बिली गोट हिल’, म्हणजे बोकडाची टेकडी म्हणत. चेंडू त्या सपाटीवर जाऊन पडला तरी खेळ चालूच राही. क्षेत्ररक्षकाने धावत वाट गाठावी, वर चढावे, चेंडू शोधावा आणि खाली फेकावा. तोवर फलंदाज चौरसाची फेरी पुरी करण्याच्या बेतात असे.

येथे क्षेत्ररक्षकापुढे खरा प्रश्न होता. आरंभापासून वर उभे राहावे की खाली? वर राहिले तर कड्याच्या पायथ्याशी पडणारा चेंडू हातचा जातो. खाली राहिले तर वर पडलेल्या चेंडूसाठी चढावे लागते. यजमान संघाच्या मुलांच्या पायांना ती वाट ठाऊक होती. पाहुण्या संघाच्या मुलांस ती शोधावी लागे. हे न्याय्य होते काय? आम्हांस वाटते, काटेकोरपणे पाहिले तर नव्हते. पण त्या काळातील कोणास मैदानाची आठवण विचारली तर तो धावसंख्येआधी टेकडीच सांगणार, हेही तितकेच खरे.

1975 मध्ये विद्यापीठाने नवे क्रीडांगण बांधले. दीर्घकाळ संघाचे शिक्षक असलेल्या बिली डिश व बिब फॉक या दोघांची नावे त्यास दिली : डिश-फॉक फील्ड. टेकडी मागे राहिली आणि त्या जुन्या जागी पुढे नाट्यसंगीताचे भव्य सभागृह उभे राहिले. नव्या मैदानावर जमीन सपाट, कुंपण आखीव. आणि संघाचे काय झाले म्हणाल, तर त्याच वर्षी, 1975 मध्ये, तो राष्ट्रीय विजेता ठरला. जुन्या मैदानाच्या काळातही त्याने 1949 व 1950 असे लागोपाठ दोन वेळा ते पद मिळविले होते. तेव्हा टेकडीवाचून खेळ खालावला, असे म्हणण्यास जागा नाही.

अशा क्रीडांगणात सोयी तरी कोणत्या असतात? दोन्ही संघांसाठी मैदानाच्या कडेला अर्धवट जमिनीत उतरलेली बसण्याची जागा असते. तिला डगआउट म्हणतात. ती खोल असल्याने मागील प्रेक्षकांच्या दृष्टीआड काही येत नाही. कुंपणाच्या आतून मातीचा एक पट्टा फिरविलेला असतो. चेंडूवर नजर ठेवून उलट धावणाऱ्या मुलाच्या पायांना गवत संपून माती लागली की भिंत जवळ आल्याचे कळते. किती साधी युक्ती, आणि किती डोकी तिने वाचविली असतील! बुलपेन या शब्दाचा सरळ अर्थ बैलांचा कोंडवाडा. तेथे मात्र राखीव गोलंदाज हात मोकळे करीत असतात. याशिवाय सरावासाठी जाळीने वेढलेल्या गल्ल्या, विजेचे खांब, धावफलक, वार्ताहरांचा सज्जा. यांतील बहुतेक गोष्टी पैसा असला की कोठेही उभ्या करता येतात.

पैशाने उभी न राहिलेली एक सोय मिसिसिपी राज्यातील स्टार्कव्हिल गावी आहे. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या डुडी नोबल फील्डवर 1960 नंतरच्या दशकात विद्यार्थी डाव्या बाजूच्या कुंपणाला लागून आपल्या जुन्या मोटारी व ट्रक उभे करू लागले. ट्रकच्या पाठीवर खुर्च्या, बाजूस निखाऱ्यांवर मांस भाजण्याची शेगडी, आणि समोर सामना. हळूहळू त्या गाड्या तेथेच मुक्कामास राहिल्या. काहींची यंत्रे कधीच बंद पडली होती. ओढून आणून त्यांवर फळ्यांच्या पायऱ्या ठोकल्या गेल्या. या भंगाराच्या रांगेस ‘लेफ्ट फील्ड लाउंज’ असे ऐटदार नाव मिळाले.

पुढे या मैदानाचीही पुनर्रचना करण्याचे ठरले आणि ऑस्टिनमध्ये आला होता तसाच प्रसंग येथे आला. 2019 पर्यंत जवळजवळ सगळे प्रेक्षागार नव्याने बांधून झाले. डाव्या कुंपणामागे भाड्याने राहण्याची घरेसुद्धा उभी राहिली, म्हणजे गॅलरीतून सामना पाहावा. पण ती बैठक विद्यापीठाने पुसली नाही. मोडक्या ट्रकांच्या जागी पक्क्या चौकटी आल्या, जागा मोजून दिल्या गेल्या, शेगड्या मात्र राहिल्या. गंजलेल्या पत्र्याचा मोकळेपणा मोजून दिलेल्या चौकटीत उतरतो काय, याची आम्हांस शंका आहे. पण गंजक्या पायरीवरून एखादे लेकरू घसरले असते तर उत्तर कोणी दिले असते, हेही शिक्षकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

2021 मध्ये या विद्यापीठाने आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. गावची वस्ती 2020 च्या गणनेत सुमारे 24 हजार होती. 15 एप्रिल 2023 रोजी शेजारच्या प्रतिस्पर्धी विद्यापीठाशी, ओल मिसशी, झालेल्या सामन्यास 16,423 लोक आले. तिकिटाच्या खुर्च्या भरल्यावर उरलेले लोक कुंपणाच्या बाजूस गेले, जेथे दुपारपासूनच धूर निघत होता.