सरकारी निविदा: कागद आणि दर

मुरबाड, शहापूर, कल्याण, भिवंडी सगळ्या गटांसाठी. पिकाचा सल्ला उद्या येईल, आज निविदेबद्दल. आश्रमशाळा, वसतिगृहं, पालिकेचे दवाखाने यांना तांदूळ-भाजी पुरवायची निविदा कशी भरायची, असं बऱ्याच जणांनी विचारलं.

'महाटेंडर्स'वर दोन लिफाफे असतात, तांत्रिक आणि दराचा. पहिल्यात कागद कमी पडला तर दुसरा उघडतच नाही, दर कितीही कमी असला तरी. डिजिटल सहीची मुदत संपलेली, अन्न परवाना जुन्या पत्त्यावरचा, सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचा ठराव नाही, अशा चुका होतात. दराची एक्सेल फाइल डाऊनलोड केली की तिचं नाव बदलू नका, रकाने वाढवू नका, पोर्टल ती घेत नाही. वेळ सर्व्हरची धरतात. दोन दिवस आधी भरा, आणि नंतरही शुद्धिपत्रक आलंय का ते रोज बघा.

'उद्यम' आहे म्हणजे बयाणा माफ, असं धरून चालू नका. केंद्राच्या खरेदी धोरणात ही सवलत माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना आहे, व्यापाऱ्यांना नाही. २०२१ पासून व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँक कर्जाच्या कामाची. तुमच्या नोंदणीत भात गिरणी लिहिलीय की घाऊक विक्री ते बघा. त्या निविदेत माफी दिलीय का, तेही वाचा.

मला जास्त काळजी दराची वाटते. निविदेत बहुतेक वेळा वर्षभराचा एकच दर मागतात. आपण जानेवारीत, शिवारात भेंडी-काकडी भरपूर असताना, कल्याण मार्केटचा भाव बघून तोच टाकतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भात. भाजी जुन्नर-नाशिककडून आणायची, आणि माळशेजला दरड आली की भाडं नि भाव दोन्ही चढतात. माल मात्र त्याच दराने द्यायचा. नाही दिला तर सुरक्षा ठेव जप्त, वर काळ्या यादीत नाव जायची भीती. म्हणून कल्याण बाजार समितीचे मागच्या बारा महिन्यांचे भाव काढा, पावसाळ्याचे चार महिने वेगळे मांडा. घट, हमाली, गाडी धरा. बिल दोन-तीन महिने अडकलं तर तेवढ्या पैशाचं व्याजही धरा, हे हमखास विसरतात.

तांदळाचं वेगळं. २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. निविदेत 'दर सर्व करांसह' असेल तर तो तुमच्याच दरातून जाणार.

एवढं मांडून परवडत नसेल तर ती निविदा सोडा, पुढची येते.

ज्या गटांना भरायची आहे त्यांनी निविदेची प्रिंट काढून, पात्रतेच्या अटींवर खूण करून ऑफिसात आणावी. शनिवारी ११ नंतर मी आहे, दराचा तक्ता बसून करू.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी