‘टू’ दिसला की जरा थांब

अगं पोरी, अर्जाखाली ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिलंयस, तिथे आधी ‘मीटिंग’ कर. ‘टू’नंतर मूळ क्रियापद, हे शाळेत घोकून घोकून आपल्या बोटांतच बसलेलं असतं. पण ‘टू’ दोन आहेत. ‘वॉन्ट टू गो’मधला क्रियापदाचा जोडीदार. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला शब्दयोगी अव्यय, त्याला पुढे नामच लागतं. ओळखायचं कसं? क्रियापदाच्या जागी साधं नाम ठेवून बघ. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप’ चालतं ना? मग तिथे क्रियापद येणार ते आयएनजी लावून, नाम होऊनच. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ यांनाही हीच कसोटी.

‘यूज्ड टू’ मात्र भारी खट्याळ. ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह’ म्हणजे पूर्वी गाडी चालवायचे, आता नाही. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू ड्रायव्हिंग’ म्हणजे चालवायची सवय आहे. मुलाखतीत तो ‘अ‍ॅम’ गाळलास, तर समोरच्याला वाटेल की हिने गाडी सोडली!

‘टू’ नसला तरी आयएनजी येतं, ते का, हेही ऐकून ठेव. ‘हॅव डिफिकल्टी फाइंडिंग’मध्ये खरं तर ‘इन’ असतो. काही जण अजून लिहितात, बरेच जण गाळतात. ‘बिझी कुकिंग’चंही तेच, फक्त तिथला ‘इन’ आता कुणी लिहीत नाही. ‘गो फिशिंग’मध्ये एके काळी ‘ऑन’ होता. त्याचा झिजून नुसता ‘अ’ राहिला, मग तोही गेला. अव्यय गेलं, आयएनजी मागे राहिलं.

‘वर्थ’ला पुढे किंमत लागते, नाहीतर आयएनजी: ‘वर्थ रीडिंग’. ‘द बुक इज वर्थ रीडिंग’ म्हटलंस की पुढे ‘इट’ नको; पुस्तक आधीच सांगून झालंय.

‘कान्ट हेल्प लाफिंग’मधलं ‘हेल्प’ मदतीचं नव्हे, टाळण्याचं. मध्ये ‘बट’ आला की मात्र आयएनजी जातं: ‘कान्ट हेल्प बट लाफ’. दोन्ही बरोबर, पण ‘हेल्प बट लाफिंग’ अशी खिचडी नको.

आणि वहीत नुसतं ‘ऑब्जेक्ट टू’ उतरवू नकोस. ‘ऑब्जेक्ट टू पेइंग’ असं शेपटासकट लिही, नाहीतर ऐन वेळी पुन्हा तिथेच अडशील.