'वाईट बाई' : अभिनेत्री शशिकला यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

आमच्या मैंदर्गीत संध्याकाळी सात वाजल्यानंतर कोणत्याही गल्लीतून चालत गेले, तर घराघरांतून एकाच प्रकारचे आवाज कानी पडतात. एका घरात मराठी मालिका चालू असते, शेजारच्या घरात कन्नड. भाषा वेगळी, पण कथा बहुधा तीच. एक सोशिक सून असते आणि तिला छळणारी दुसरी कोणीतरी असते. ही दुसरी पडद्यावर आली की माझी आजी वाती वळायची थांबते आणि म्हणते, "केट्ट हेंगसु!" म्हणजे वाईट बाई. एकदा तीच नटी एका जाहिरातीत तेल विकताना दिसली, तेव्हा ते तेल घरात आणायचे नाही असे आजीने आईला बजावले होते.

आजीच्या या रागाचा मी पुष्कळ दिवस विचार करीत होते. नाटक-सिनेमातील राजा हा खरा राजा नसतो हे तिला कळते. मग वाईट बाईच तेवढी खरी का वाटते? या प्रश्नाचा शोध घेताना मला एक अभिनेत्री सापडली. अशा भूमिकांसाठी ती साऱ्या देशात ओळखली गेली, आणि ती आपल्याच सोलापूरची होती. तिचे नाव शशिकला. माहेरचे आडनाव जवळकर.

शशिकलाबाईंचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात एका भावसार शिंपी कुटुंबात झाला. वडील अनंतराव जवळकर हे व्यापारी होते. त्या काळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे, हातमागांचे आणि चळवळीचे शहर. १९३० साली येथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चार हुतात्मे फासावर गेले, त्यानंतर दीड वर्षाने ही मुलगी जन्मली. पाच वर्षांची होईपर्यंत ती जिल्ह्यातील निरनिराळ्या गावांत रंगमंचावर नाचू, गाऊ आणि अभिनय करू लागली होती. आज आपण सुधारलेल्या काळात राहतो असे म्हणतो. तरीही पाच वर्षांच्या मुलीला गावोगावच्या स्टेजवर नेणारे घर आपल्या तालुक्यात शोधावे लागेल.

पण या कौतुकाला पुढे वेगळेच वळण लागले. वडिलांचे दिवाळे निघाले. कुटुंब मुंबईला आले आणि परिचितांच्या आश्रयाने राहू लागले. भावंडांत ही मुलगी दिसायला चांगली आणि गुणी, तेव्हा सिनेमात तिला काम मिळाले तर घर चालेल, असा हिशेब वडिलांनी केला. मुलगी स्टुडिओमागून स्टुडिओ हिंडू लागली. या गोष्टीकडे 'कलेची ओढ' म्हणून पाहण्याची आपल्या लेखकांना सवय आहे. मला मात्र यात ओढीपेक्षा ओढाताण अधिक दिसते. हंगामात शाळा सोडून कामाला जाणाऱ्या मुली आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांच्या कामाला कोणी कलेची ओढ म्हणत नाही.

या भटकंतीत त्यांची गाठ त्या वेळच्या सर्वांत लोकप्रिय गायिका-नायिका नूरजहाँ यांच्याशी पडली. नूरजहाँ यांचे पती शौकत हुसेन रिझवी हे 'झीनत' हा चित्रपट तयार करीत होते. १९४५ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात स्त्रियांनी बसून गायिलेली एक कव्वाली आहे. हिंदी चित्रपटातील स्त्रियांची पहिली कव्वाली म्हणून तिचा उल्लेख होतो. त्या बैठकीतील मुलींत शशिकला होत्या. वय बारा-तेरा, म्हणजे मी सातवीत होते तेवढे. चित्रपट गाजला, कामे मिळू लागली. पण १९४७ मध्ये फाळणी झाली आणि नूरजहाँ व रिझवी पाकिस्तानात निघून गेले. ज्यांच्या आधाराने दार उघडले होते तेच गेले, आणि पुढची वाट त्यांना स्वतःच काढावी लागली.

१९५३ मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'तीन बत्ती चार रास्ता' या चित्रपटात त्यांना काम मिळाले. एकाच घरात निरनिराळ्या प्रांतांतल्या, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या सुना नांदतात, अशी त्याची कल्पना आहे. (आमच्या सीमेवरच्या गावात हे नवल नाही. येथे एकाच ओट्यावर सासू कन्नडमध्ये बोलते आणि सून मराठीत उत्तर देते.) विशीच्या आसपास त्यांचे लग्न ओमप्रकाश सैगल यांच्याशी झाले. हे गायक कुंदनलाल सैगल यांच्या घराण्यातले. दोन मुली झाल्या. लग्नानंतरही शशिकलाबाईंचे काम सुटले नाही. संसार मात्र पुढे सुखाचा राहिला नाही, आणि त्याविषयी त्या उतारवयात मोकळेपणाने बोलत असत.

आता मुख्य विषयाकडे वळतो. १९६० च्या आगेमागे त्यांच्या वाट्याला तीन-चार भूमिका अशा आल्या, की त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आपल्या समाजाची स्त्रीविषयीची कल्पनाच उघडी पडते.

पहिली भूमिका बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मधील (१९५९). सवर्ण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी सुजाता हे काम नूतन यांनी केले आहे. त्याच घरची खरी मुलगी रमा म्हणजे शशिकला. रमासाठी पाहिलेला मुलगा सुजाताच्या प्रेमात पडतो. नेहमीच्या कथेत येथे रमाने मत्सराने पेटून उठायला हवे होते. पण ती तशी उठत नाही. ती खेळकर आहे, मोकळी आहे आणि सुजाताला बहीण मानते ते शेवटपर्यंत. शशिकलाबाईंनी हे इतके सहज केले आहे, की रमा चांगली आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. ती नुसती घरातली मुलगी वाटते. १९६१ च्या 'जंगली'तही त्या नायकाची बहीणच होत्या. त्यात कडक आईचे काम ललिता पवार यांनी केले आहे. मराठी मुलखातून आलेल्या आणि पडद्यावरील दुष्टपणासाठी पुढे एकत्र नाव घेतल्या जाणाऱ्या दोघी येथे मायलेकी आहेत, हे पाहताना मौज वाटते.

दुसरी भूमिका 'आरती' (१९६२) या चित्रपटातील. फणी मजुमदार यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट राजश्री या संस्थेची पहिली निर्मिती. आपले रमेश देव हिंदीत प्रथम आले तेही याच चित्रपटातून. मीनाकुमारी ही डॉक्टर असलेली, सेवाभावी नायिका, आणि शशिकला तिची जाऊ जसवंती. जसवंती घरात काड्या करते, शब्द फिरवते, माणसे तोडते. या कामासाठी त्यांना फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मी हा चित्रपट मोबाईलवर पाहिला आणि आजीलाही दाखवला. थोड्या वेळाने आजी म्हणाली, "ही तर आपल्या मालिकेतलीच बाई!" परीक्षेत इतके नेमके उत्तर मला लिहिता आले नसते. आज मालिकांतून दिसणारी तिरकी नजर, दाराआडून ऐकणे, गोड बोलत बोलत विष पेरणे, या साऱ्याचे वळण जसवंतीत आधीच दिसते.

येथे मालिकांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात रेडिओवर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी कौटुंबिक श्रुतिका लागत. त्यांचा खर्च साबण तयार करणाऱ्या कंपन्या उचलीत, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' हे नाव पडले. पुढे दूरदर्शन संच आले तशी ही लाट देशोदेशी पसरली. ऑस्ट्रेलियात १९८५ मध्ये सुरू झालेली 'नेबर्स' ही मालिका इंग्लंडमध्येही घरोघरी पाहिली गेली. आपल्याकडे ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. २००० नंतर सासू-सुनांच्या मालिकांचे युग आले. मराठीत 'चार दिवस सासूचे' ही मालिका ३,००० हून अधिक भाग चालली. इतके भाग चालवायचे तर भांडण मिटून चालत नाही, आणि भांडण मिटू न देण्याचे काम बहुधा या वाईट बाईकडेच असते. सोशिक नायिका नुसती सोसते. तिच्याकडून कथा पुढे सरकत नाही. कथेचे ओझे दुसरीच वाहते आणि शिव्याही तीच खाते.

तिसरी भूमिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बी. आर. चोप्रा यांचा 'गुमराह' (१९६३). चित्रपटाचा आरंभच सीता आणि लक्ष्मणरेषा यांनी होतो. मीना (माला सिन्हा) हिचे राजेंद्र (सुनील दत्त) याच्यावर प्रेम आहे, पण बहिणीच्या मृत्यूनंतर तिच्या मुलांसाठी ती मेहुण्याशी, अशोकशी (अशोककुमार), लग्न करते. पुढे राजेंद्र पुन्हा भेटतो आणि मीना त्याला चोरून भेटू लागते. तेव्हा लीला नावाची एक बाई उगवते. मी राजेंद्रची बायको आहे, तुमचे सारे मला ठाऊक आहे, असे म्हणत ती मीनाला धमकावत राहते. लीला म्हणजे शशिकला. तिची चाल, तिचे हसणे, दुसऱ्याच्या घरात आपलेच घर असल्यासारखे तिचे वावरणे, यांनी अंगावर काटा येतो. या कामाला लागोपाठ दुसऱ्या वर्षी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

पण शेवटी काय कळते? लीला ही राजेंद्रची बायको नाहीच. ती मीनाच्या नवऱ्याची सेक्रेटरी आहे, आणि बायकोला वाटेवर आणण्यासाठी नवऱ्यानेच तिला हे सोंग करायला लावलेले आहे. अशोक सभ्य गृहस्थ म्हणून उभा राहतो. प्रेक्षकांच्या मनात दुष्ट म्हणून उरते ती लीला. माझ्या मते आपल्या सिनेमातील खलनायिकेचे सारे मर्म या एका प्रसंगात आले आहे. घराची रेषा आखणारा निराळाच असतो, आणि तिच्यावर पहारा द्यायला, भीती घालायला एक बाई नेमलेली असते. चित्रपट काढणाऱ्यांना हे असेच म्हणायचे होते असा माझा दावा नाही. पण चित्रपटातून हे दिसते खरे. आजीला मी शेवट समजावून सांगितला तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, "साहेबानं तिला ह्या कामाचा जादा पगार दिला का?" चित्रपटात याचे उत्तर नाही.

या दोन पुरस्कारांनंतर शशिकला म्हणजे खलनायिका हे समीकरण पक्के झाले. हृषीकेश मुखर्जींच्या 'अनुपमा'त (१९६६) मुक्या-मुक्या नायिकेची बडबडी मैत्रीण त्यांनी फार सुंदर रंगवली आहे. पण त्याच वर्षीच्या 'फूल और पत्थर'मधली भूमिका लोकांच्या अधिक लक्षात राहिली. बहुतेक वेळा जे खपते तेच पुन्हा मागितले जाते. अपवाद म्हणून पुन्हा हृषीकेश मुखर्जीच आठवतात. त्यांच्या 'खूबसूरत'मध्ये (१९८०) शशिकला थोरली सून आहेत. सासूच्या शिस्तीत या सुनेने आपला नाच गुंडाळून ठेवलेला आहे, आणि रेखा तिला पुन्हा नाचायला लावते. पाचव्या वर्षी सोलापूर जिल्ह्यातील स्टेजवर नाचलेली मुलगी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ही भूमिका करते आहे, हे ठाऊक असले म्हणजे तो प्रसंग वेगळाच वाटतो.

मधल्या काळात त्या सिनेमापासून दूर गेल्या आणि कलकत्त्यात मदर तेरेसा यांच्या संस्थेत राहून त्यांनी रुग्ण आणि निराधारांची सेवा केली. पडद्यावर जिने घरे मोडली तिने प्रत्यक्षात मरणोन्मुख माणसांची शुश्रूषा केली, असा विरोधाभास दाखवून काही लेखक थांबतात. मला तो विरोधाभास वाटत नाही. घरे मोडणारी जसवंती होती. शशिकलाबाई तर बारा-तेराव्या वर्षापासून घर चालवीतच आल्या होत्या.

परत आल्यावर त्यांनी 'बादशाह', 'कभी खुशी कभी गम' यांसारख्या चित्रपटांत कामे केली आणि दूरचित्रवाणीकडेही वळल्या. 'जीना इसी का नाम है', 'अपनापन', 'दिल देके देखो' या मालिकांत त्या होत्या. मृणाल कुलकर्णींच्या 'सोनपरी'तही त्या दिसल्या, म्हणजे आमच्या आधीच्या पिढीतील मुलांना त्या वाईट बाई म्हणून ठाऊकच नाहीत. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००९ मध्ये व्ही. शांताराम यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कामांची संख्या शंभराहून कितीतरी अधिक भरेल.

हा लेख लिहिण्यास एक कारण घडले, तेही सांगते. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी एक एकांकिका बसवायचे ठरले होते. तीत भांडखोर जावेचे काम होते. नायिकेच्या कामासाठी सहा मुलींनी नावे दिली. जावेसाठी एकीनेही नाही. सर्वांचे म्हणणे एकच : गावात लोक काय म्हणतील, आणि पुढे स्थळे पाहताना कोणी आठवण काढली तर? त्या सहा नावांत माझेही एक नाव होते. शेवटी एका मुलाला लुगडे नेसवून वेळ मारून नेली, आणि प्रेक्षक पोट धरून हसले, त्यामुळे एकांकिकेत जे दुःख होते ते कोणापर्यंत पोहोचलेच नाही.

यंदा तीच एकांकिका पुन्हा घ्यायची असे सरांनी ठरवले आहे. जावेच्या कामासाठी मी नाव दिले आहे. आजी तयार आहे. वडिलांना अजून सांगितलेले नाही.